एपीआयद्वारे फोल्डरमधील टेस्ट केसेस मिळवणे

सॉफ्टवेअर चाचणीसाठी लिहिलेल्या टेस्ट केसेस स्क्रीनवर एकेक न उघडता, त्या ज्या व्यवस्थापन साधनात ठेवल्या आहेत त्याच्या एपीआयला (एका प्रोग्रामने दुसऱ्याकडून माहिती मागवण्याच्या ठरीव मार्गाला) विनंती पाठवून फोल्डरनुसार एकगठ्ठा मिळवण्याची पद्धत. एका टेस्ट केसमध्ये साधारणपणे पूर्वअट, क्रमाने करायच्या पायऱ्या आणि अपेक्षित निकाल असतो. चाचणीच्या कागदपत्रांचा साचा आयईईई ८२९ या मानकाने १९८३ मध्ये घालून दिला. पुढे त्याची जागा २९११९ या मानक-मालिकेने घेतली. एक्सेलच्या फायलींत राहणाऱ्या केसेस टेस्टरेल, झेफिर स्केल यांसारख्या साधनांत गेल्या, तशी त्या पुन्हा बाहेर काढण्याची गरजही पडू लागली. ऑटोमेशनच्या स्क्रिप्टशी सांगड घालायची असते, ऑडिटला यादी द्यायची असते, कधी एक साधन सोडून दुसऱ्याकडे जायचे असते.

स्क्रीनवर दिसणारे फोल्डरचे झाड सर्व्हरवर त्या रूपात नसते. तिथे प्रत्येक फोल्डर ही एक सुटी नोंद असते आणि तिच्यात मुख्यतः स्वतःचा आयडी, नाव आणि वरच्या फोल्डरचा आयडी असतो. झाड आपण उभे करायचे. त्यामुळे ‘लॉगिन’ या फोल्डरचा आयडी देऊन केसेस मागवल्या, तर थेट त्याच फोल्डरमध्ये ठेवलेल्या केसेस येतात. त्याखालच्या ‘ओटीपी’ आणि ‘पासवर्ड रीसेट’ या उपफोल्डरांतल्या येतीलच असे धरून चालत नाही. सर्व्हर मात्र २०० हा यशाचा कोड देतो. या कामातला सगळ्यात मोठा धोका हाच आहे: विनंती फसली तर लगेच कळते, अपुरे उत्तर मात्र पूर्ण असल्यासारखेच दिसते.

टेस्टरेल हे मूळचे जर्मनीतल्या गुरॉक सॉफ्टवेअरचे साधन. त्यात फोल्डरला सेक्शन म्हणतात. अ‍ॅडमिनने सेटिंगमध्ये एपीआय चालू केलेला असावा लागतो. मग ईमेल आणि एपीआय की देऊन प्रवेश मिळतो. प्रोजेक्टमध्ये एकापेक्षा जास्त टेस्ट सूट (केसेसचे संच) असतील तर सूटचा आयडीही द्यावा लागतो. पत्त्याच्या रचनेत एक खोच आहे. ‘इंडेक्स डॉट पीएचपी’च्या पुढे प्रश्नचिन्ह आधीच येऊन गेलेले असते, म्हणून सूट आणि सेक्शनचे आयडी जोडताना दुसरे प्रश्नचिन्ह घालायचे नाही, ‘अँड’चे चिन्ह घालायचे. सवयीने दुसरे प्रश्नचिन्ह टाकणारे बरेच जण इथे अडतात. एका विनंतीला जास्तीत जास्त २५० केसेस मिळतात. समजा, सूटमध्ये ६१२ केसेस आहेत. पहिल्या विनंतीत २५०, ऑफसेट (सुरुवातीच्या किती केसेस सोडायच्या तो आकडा) २५० दिल्यावर पुढच्या २५० आणि ऑफसेट ५०० दिल्यावर उरलेल्या ११२ येतात. पुढच्या पानाचा दुवा उत्तरातच असतो. तो रिकामा आला की थांबायचे. पानांची ही रचना ६.७ आवृत्तीपासूनची आहे. त्याआधी उत्तरात नुसती यादी येत असे, त्यामुळे जुन्या स्क्रिप्ट नव्या सर्व्हरवर तशाच चालवता येत नाहीत.

जिरा या कामांचा मागोवा ठेवणाऱ्या साधनाला जोडून चालणाऱ्या झेफिर स्केलच्या क्लाउड आवृत्तीत वेगळी काळजी घ्यावी लागते. फोल्डरांची यादी मागताना प्रकार सांगावा, कारण टेस्ट केस, टेस्ट सायकल आणि टेस्ट प्लॅन यांचे फोल्डर निरनिराळे असतात. किती केसेस हव्यात ते सांगितले नाही तर एका वेळी फक्त १० मिळतात. उत्तरासोबत एकूण संख्या आणि ‘हे शेवटचे पान आहे का’ याची खूण येते, ती प्रत्येक वेळी तपासावी. टेस्टरेलमध्ये पायऱ्या केसच्या नोंदीतच येतात; इथे पायऱ्यांसाठी प्रत्येक केसमागे आणखी एक विनंती करावी लागते. नुसती शीर्षके हवी असतील तर काम झटपट होते. पायऱ्यांसकट सगळे हवे असेल तर विनंत्यांची संख्या केसेसच्या संख्येएवढी वाढते, आणि सर्व्हर ‘४२९’ म्हणजे ‘फार वेगाने मागता आहात’ असे कळवू शकतो. तेव्हा थांबून, थोड्या वेळाने तीच विनंती पुन्हा पाठवावी.

फोल्डरमागून फोल्डर फिरत केसेस गोळा करण्यापेक्षा पूर्ण प्रोजेक्टच्या केसेस एकदा, सगळे फोल्डर एकदा मागवून जुळणी आपल्या बाजूला करणे बहुतेक वेळा सरस ठरते. विनंत्या कमी लागतात. शिवाय झेफिर स्केलमध्ये कोणत्याच फोल्डरमध्ये न ठेवलेल्या केसेसही असू शकतात. फोल्डरनिहाय फिरणाऱ्या स्क्रिप्टच्या हाती त्या कधीच लागत नाहीत. जुळणी करताना फोल्डरच्या नावावर विसंबू नये. ‘रिग्रेशन’ नावाचे फोल्डर एकाच प्रोजेक्टमध्ये चार ठिकाणी असणे नेहमीचे आहे, म्हणून आयडीवरून वरवर चढत मुळापर्यंतचा पूर्ण मार्ग लिहून काढावा. पाने चालू असताना कोणी मधलीच केस काढून टाकली तर पुढच्या सगळ्या केसेस एक जागा वर सरकतात आणि पानाच्या सीमेवरची एक निसटते. टीम काम करत नसतानाची वेळ निवडावी आणि शेवटी वेगवेगळ्या आयडींची संख्या सर्व्हरने सांगितलेल्या एकूण संख्येशी ताडून पाहावी. जिथे एकूण संख्या उत्तरात येत नाही, तिथे ती स्क्रीनवरून घ्यावी.

विनंत्या पाठवायला पोस्टमन हे साधन सर्रास वापरतात. अभिनव अस्थाना यांनी ते २०१२ मध्ये क्रोम ब्राउझरचे एक्स्टेन्शन म्हणून आणले. पुढे २०१४ मध्ये बेंगळुरूत त्याची कंपनी झाली. एकेक विनंती तपासून पाहायला ते उत्तम आहे. पाने एकामागून एक आणायची असतील तर स्क्रिप्टमध्ये ‘पुढची विनंती कोणती’ ते सांगता येते, पण ही सोय पूर्ण कलेक्शन (जतन केलेल्या विनंत्यांचा संच) चालवल्यावरच लागू होते. एका विनंतीवर ‘सेंड’ दाबून ती चालत नाही. कमांड लाइनवरून तेच कलेक्शन चालवायला न्यूमन आहे. नेमाने, रोज रात्री केसेस काढायच्या असतील तर पायथनमधली छोटी स्क्रिप्ट जास्त सोयीची पडते, कारण झाड उभे करणे आणि संख्या ताडणे तिथे सरळ लिहिता येते. टोकन किंवा की कलेक्शनमध्ये लिहू नये, पोस्टमनमध्ये वेगळ्या ठेवलेल्या एन्व्हायर्नमेंटच्या गुप्त व्हेरिएबलमध्ये ठेवावी. ज्याच्या नावाची की, त्याचेच अधिकार स्क्रिप्टला मिळतात. कलेक्शन शेअर करताना की आत राहिली, तर ती हाती लागलेल्या कोणालाही त्या व्यक्तीच्या नावाने केसेस बदलता आणि पुसताही येतात.