सनद, सातबारा आणि बांध: खानदेशातल्या वकिलीची पार्श्वभूमी

पेशवाईत वकील म्हणजे दुसऱ्या दरबारी बसवलेला प्रतिनिधी. जमिनीचा, वतनाचा तंटा गोतसभेपुढे, म्हणजे गावातल्या-परगण्यातल्या जाणत्यांच्या न्यायसभेपुढे, जाई आणि वादी-प्रतिवादी आपापली बाजू स्वतः मांडत. १८१८ मध्ये खानदेश कंपनीच्या ताब्यात गेला. १८२७ च्या एल्फिन्स्टन कोडाने, म्हणजे कंपनीच्या कायदेसंग्रहाने, मुंबई इलाख्यात सनदी (परवानाधारक) वकिलाचे नियम घालून दिले. १९६१ च्या अधिवक्ता कायद्याने प्लीडर वगैरे जुने वर्ग गेले, तरी नवा वकील आजही ‘सनद घेतली’ असंच सांगतो.

त्याहून मोठा बदल जमिनीच्या मोजणीने केला. १८५२ मध्ये सावदा, फैजपूर, एरंडोल भागातल्या शेतकऱ्यांनी तिला उघड विरोध केला. सरकारला फौज आणावी लागली. मोजणी झालीच. शेतांना सर्व्हे नंबर पडले, पुढे १९४७ च्या एकत्रीकरण कायद्याने गट नंबर आले. गावाच्या आठवणीतली हद्द दप्तरात गेली आणि ते दप्तर वाचणारा माणूस लागू लागला. माझ्या मते इथल्या वकिलीचा खरा पाया हाच.

म्हणून तालुक्याच्या वकिलाचा दिवस बोलण्यापेक्षा ऐकण्यात आणि लिहिण्यात जास्त जातो. समोर बसलेले बाबा सांगतात, “त्यानी मना बांध कोरी टाका.” एवढ्यावरून काढायचं असतं: गट कोणता, बांध कुठल्या दिशेचा, किती आर गेले, कधीपासून. मग सातबारा, फेरफार, खरेदीखत, मोजणीचा नकाशा. आजोबांचं वाटणीपत्र मोडीत असलं तर मोडी वाचणारा शोधायचा. अहिराणीतली ही हकीकत प्रमाण मराठीत, परिच्छेदाला नंबर घालून दाव्यात उतरवायची आणि बाबांना जे म्हणायचंय ते निसटू द्यायचं नाही. या कामाची फी कुणी वेगळी मोजत नाही, पण दावा टिकतो तो याच्याच जोरावर.

कोर्टात पुकारा झाला की बहुतेक वेळा दोन मिनिटांचं काम: पुरसीस (कोर्टाला दिलेलं छोटं लेखी निवेदन), मुदतीचा अर्ज, पुढची तारीख. उलटतपासणी असली की मात्र आदली रात्र कागदांत जाते.

जिल्हा न्यायालयानंतरचं अपील पूर्वी मुंबईला उच्च न्यायालयात जाई, आता त्याच्याच छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठात जातं. तिथल्या वकिलापुढेही उघडतो तो हाच गठ्ठा: तालुक्यात लिहिलेला दावा, खाली वकिलाची सही आणि शेजारी बाबांचा अंगठा.