चोवीस तास मोजायचे कुठून?

अटक केलेल्याला चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे हजर करायचे, हा नियम संविधानाच्या आधीचा. 1861 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत तो होता, 1898 च्या संहितेत कलम 61 झाला. 15 सप्टेंबर 1949 रोजी डॉ. आंबेडकरांनी संविधान सभेत हाच नियम मूलभूत हक्क करणाऱ्या आजच्या कलम 22 चा मसुदा मांडला, तेव्हा ‘हे तर संहितेत आहेच’ अशी कुरकुर झाली. होतेच; पण संहितेतले कलम साध्या कायद्याने काढता येते, मूलभूत हक्काचे तसे नाही. मात्र प्रतिबंधात्मक स्थानबद्धतेला, म्हणजे गुन्हा घडण्याआधीच खबरदारी म्हणून डांबण्याला, त्याच कलमाने या अटीतून मोकळे सोडले.

गोव्यात तेव्हा पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार याचा अंमल. 1946 मध्ये गोवा मुक्तिलढ्याचे नेते त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हांना लष्करी न्यायालयाने शिक्षा ठोठावून पोर्तुगालात पेनिशच्या तुरुंगात धाडले. कलम 22 इथे आले ते 1961 च्या मुक्तीनंतर. पोर्तुगीज नागरी कायदा मागे राहिला, फौजदारी गेला. त्यामुळे ‘गोंयचो कायदो वेगळो’ हे कोठडीच्या बाबतीत खरे नाही.

1973 च्या संहितेने रिमांडचे, म्हणजे आरोपीला कोठडीत ठेवायचे का हे ठरवण्याचे, काम न्यायिक दंडाधिकाऱ्यांकडे दिले. 1 जुलै 2024 पासून नियम भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 58 मध्ये आहे. आता त्या खटल्याचा अधिकार नसलेला दंडाधिकारीही चालतो.

खरा वाद घड्याळ कधी सुरू झाले याचा. सकाळी दहाला ‘जरा चौकशीला’ म्हणून ठाण्यात आणलेल्या माणसाच्या अटक मेमोवर (अटकेच्या नोंदपत्रावर) संध्याकाळी सातची वेळ पडते, आणि नऊ तास कागदावरून गायब होतात. डी. के. बसू खटल्यात 1996 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मेमोवर तारीख, वेळ, साक्षीदाराची आणि अटक झालेल्याची सही सक्तीची केली, ती याचसाठी. सही करण्याआधी वेळ वाचावी. ठाण्यातले सीसीटीव्ही चित्रण मागता येते, पण ते पुसले जाण्याआधी अर्ज हवा.

चोवीस तासांतून वगळायचा तो फक्त दंडाधिकाऱ्यापर्यंतच्या प्रवासाचा वेळ. काणकोणहून मडगावला त्याचा किती फायदा मिळणार? परराज्यातून आणताना तो महत्त्वाचा, आणि तिथे सहसा स्थानिक न्यायालयाकडून ट्रान्झिट रिमांड (प्रवासापुरती कोठडी) घेतात. गोमेकॉत (गोवा मेडिकल कॉलेजच्या इस्पितळात) वैद्यकीय तपासणीच्या रांगेत गेलेले तास धरलेच जातात. रविवारही. सुट्टीच्या दिवशी ड्युटीवरच्या दंडाधिकाऱ्याच्या निवासस्थानी नेतात. उशीर झाला असेल तर तिथेच, पहिल्याच हजेरीत, खरी वेळ सांगून ती आदेशात नोंदवून घ्यावी.