प्रक्रिया नियंत्रक : आउटपुटची सेटिंग

भट्टीचे तापमान, वाफेचा दाब, टाकीतील पातळी किंवा नळीतील प्रवाह ठरवलेल्या मूल्यावर स्थिर ठेवणारे, पॅनेलच्या दारावर बसवलेले उपकरण म्हणजे प्रक्रिया नियंत्रक. त्याने केलेला हिशेब हीटर, व्हॉल्व्ह किंवा मोटारीपर्यंत कोणत्या रूपात पोचवायचा, किती मर्यादेत ठेवायचा आणि बिघाडाच्या वेळी त्याचे काय करायचे, हे ठरवण्याच्या कामाला आउटपुटची सेटिंग म्हणतात. परिभाषेत आउटपुटसाठी ‘प्रदान’ हा शब्द आहे. परंतु भोसरी-चाकणच्या शेडमध्ये ‘कंट्रोलर’, ‘आउटपुट’, ‘सेट पॉइंट’ (ठरवलेले मूल्य) आणि ‘सायकल टाइम’ हेच शब्द रुळलेले असल्याने या नोंदीतही तेच वापरले आहेत.

कंट्रोलरचा विषय निघाला की चर्चा बहुधा पीआयडी (प्रमाण, समाकलन आणि विकलन या तीन पदांच्या नियमाच्या) स्थिरांकांकडे वळते, आणि त्याला कारणही आहे. १९२२ मध्ये निकोलाय मिनोर्स्की यांनी जहाजाच्या सुकाणूचा अभ्यास करताना या त्रिपदी नियमाचे गणित मांडले आणि १९४२ मध्ये झीग्लर व निकोल्स यांनी स्थिरांक शोधण्याच्या व्यवहार्य रीती दिल्या. तेव्हापासून ‘ट्यूनिंग’ ही या क्षेत्रातील प्रतिष्ठेची विद्या ठरली. मात्र त्या सगळ्या गणितातून शेवटी एकच आकडा बाहेर पडतो : ० ते १०० टक्क्यांमधील एक मूल्य. हा आकडा हीटरपर्यंत नीट पोचतच नसेल, तर स्थिरांक कितीही बदलले तरी उपयोग होत नाही. ‘तापमान धरत नाही’ अशी तक्रार आली की प्रथम आउटपुट तपासावे आणि मगच ट्यूनिंगला हात घालावा, हा क्रम प्रस्तुत लेखकाला अत्यंत महत्त्वाचा वाटतो.

पुणे परिसरात या कामाला विशेष वाव आहे. १९६२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाच्या भोसरी, चाकण, रांजणगाव या पट्ट्यांत उष्मोपचार, पावडर कोटिंग, प्लास्टिक मोल्डिंग आणि रबराचे भाग बनवणारे असंख्य लहान-मोठे कारखाने वाहन उद्योगासाठी राबतात, आणि त्या प्रत्येकाकडे तापमान राखणारे कंट्रोलर असतात. कार्बुरायझिंगची, म्हणजे पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवण्याची, भट्टी ९०० अंश सेल्सिअसच्या वर चालते, तर पावडर कोटिंगचे ओव्हन १८० ते २०० अंशांवर. कंट्रोलर मात्र दोन्हीकडे एकाच ठेवणीचा असू शकतो. फरक असतो तो त्याच्या आउटपुटला काय जोडले आहे यात.

आउटपुटचा प्रकार

प्रचलित प्रकार चार आहेत. रिले आउटपुट हा कोरडा संपर्क असतो. तो स्वतः वीज देत नाही, फक्त जोडतो आणि तोडतो, म्हणून त्याच्यामार्फत कॉन्टॅक्टरची, म्हणजे मोठा भार जोडणाऱ्या-तोडणाऱ्या विद्युतचुंबकीय स्विचची, कॉइल चालवतात. एसएसआर आउटपुट १२ किंवा २४ व्होल्टच्या डीसी स्पंदांनी सॉलिड स्टेट रिले (एसएसआर), म्हणजे हलणारे भाग नसलेला इलेक्ट्रॉनिक स्विच, चालवते. अखंड बदलणारे अॅनालॉग आउटपुट ४ ते २० मिलिअँपिअर किंवा ० ते १० व्होल्ट या रूपात थायरिस्टर युनिटला (हीटरची शक्ती इलेक्ट्रॉनिक रीतीने कमी-जास्त करणाऱ्या उपकरणाला), मोटारीच्या ड्राइव्हला किंवा व्हॉल्व्हला दिले जाते. चौथा प्रकार मोटारवर चालणाऱ्या व्हॉल्व्हचा. त्यात एक रिले उघडण्यासाठी आणि दुसरा बंद करण्यासाठी असतो.

एकाच बाह्यरूपाच्या कंट्रोलरमध्ये आत यांपैकी वेगवेगळे कार्ड असू शकते, त्यामुळे बाजूच्या लेबलवरील ऑर्डर कोड वाचल्याशिवाय वायर जोडू नये. रिलेच्या कोरड्या संपर्कावर थेट एसएसआर जोडला तर तो चालूच होत नाही. हे नुकसान फक्त वेळेचे असते. उलट, एसएसआरच्या १२ व्होल्टच्या टर्मिनलांवर २३० व्होल्टची कॉन्टॅक्टर कॉइल पुरवठ्यासह जोडली, तर कार्ड त्याच क्षणी जळते. पुण्यातील विजेच्या सामानाच्या बाजारात, तपकीर गल्लीत, कॉन्टॅक्टर, फ्यूज, एसएसआर सगळे मिळते; जळालेल्या कार्डासाठी मात्र कंपनीचीच वाट पाहावी लागते.

अॅनालॉग आउटपुटमध्ये दोन्ही टोकांची मर्यादा एकच असणे आवश्यक असते, आणि येथे होणारी चूक फार गुपचूप राहते. कंट्रोलर ० ते २० मिलिअँपिअरवर आणि व्हॉल्व्हचा कन्व्हर्टर ४ ते २० वर असेल, तर पहिल्या २० टक्क्यांपर्यंत व्हॉल्व्ह हलतच नाही, आणि कंट्रोलर ५० टक्के दाखवत असताना प्रत्यक्षात १० मिलिअँपिअर जाऊन व्हॉल्व्ह केवळ साडेसदतीस टक्के उघडतो. परिस्थिती उलट असेल तर अधिक वाईट : कंट्रोलर ० टक्के म्हणतो, तारेतून ४ मिलिअँपिअर जातात आणि वाफेचा व्हॉल्व्ह २० टक्के उघडाच राहतो. मग ऑपरेटर व्हॉल्व्ह गळतो म्हणून सीट बदलायला काढतो. ४ मिलिअँपिअरपासून सुरुवात करण्याच्या प्रथेमागचे कारण असे, की शून्य प्रवाह म्हणजे तार तुटली हे त्यामुळे लगेच ओळखता येते.

सायकल टाइम

रिले आणि एसएसआर ही दोन्ही साधने फक्त चालू किंवा बंद होऊ शकतात, त्यामुळे ४० टक्के आउटपुट देण्याचा मार्ग एकच उरतो : ठरावीक कालावधीपैकी ४० टक्के वेळ चालू आणि ६० टक्के वेळ बंद. हा कालावधी म्हणजे सायकल टाइम. तो २० सेकंद असेल तर ४० टक्क्यांना हीटर ८ सेकंद चालू आणि १२ सेकंद बंद राहतो. रिले-कॉन्टॅक्टरसाठी साधारण १५ ते ३० सेकंद आणि एसएसआरसाठी १ ते २ सेकंद ही रूढ मूल्ये आहेत.

या फरकामागचा हिशेब प्रत्येक तंत्रज्ञाने एकदा स्वतः करून पाहावा. कंट्रोलरमधील लहान रिलेच्या संपर्कबिंदूंचे विद्युत आयुष्य पूर्ण भारावर साधारण १ लाख वेळा चालू-बंद होण्याइतके सांगितले जाते. २० सेकंदांच्या सायकलने तासाला १८०, म्हणजे दिवसाला ४,३२० वेळा हालचाल होते. २ सेकंदांच्या सायकलने हीच संख्या ४३,२०० वर जाते आणि १ लाखाचा टप्पा अडीच दिवसांच्या आत गाठला जातो. भार हलका असेल तर आयुष्य वाढते हे खरे, पण दहापट झिजेचे गणित बदलत नाही.

भोसरीतील एका लहान उष्मोपचार शेडमधील टेंपरिंग भट्टीचे (कठीण केलेल्या पोलादाचा ठिसूळपणा घालवणाऱ्या भट्टीचे) उदाहरण येथे देण्यासारखे आहे. कंट्रोलर बंद पडला म्हणून शेजारच्या, एसएसआरवर चालणाऱ्या भट्टीचा सुटा कंट्रोलर घाईने बसवला गेला. आउटपुटचा प्रकार बदलून रिले केला, पण सायकल टाइम २ सेकंदच राहिला. तापमान १८० अंशांवर आधीपेक्षाही सरळ रेषेत राहू लागल्याने कोणाला शंका आली नाही. पॅनेलमधून अखंड टक-टक मात्र ऐकू येत होती. काही दिवसांतच कॉन्टॅक्टरचे संपर्कबिंदू वितळून एकमेकांना चिकटले. कंट्रोलरच्या डिस्प्लेवर आउटपुट ० टक्के, कॉइलवर व्होल्टेज नाही, आणि तरी हीटर पूर्ण जोराने चालू. त्या रात्री पाळीवरील ऑपरेटरने वेळीच मुख्य स्विच पाडला; तरीही एक बॅच कठीणपणा उतरून वाया गेली.

सायकल टाइम फार मोठा ठेवण्याचाही तोटा असतो. मोल्डिंग मशीनच्या जाड बॅरलला २० सेकंदांच्या हेलकाव्याची जाणीवही होत नाही, कारण लोखंडाची उष्णताधारणा मोठी असते. पण साच्यात वितळलेले प्लास्टिक सोडणाऱ्या बारीक, तापत्या हॉट रनर नोझलवर तोच हेलकावा तापमानात काही अंशांची लाट उमटवतो. अशा ठिकाणी उपाय सायकल टाइमशी तडजोड हा नसून रिले काढून एसएसआर बसवणे हा आहे. आउटपुट १ टक्क्यावर आले की २० सेकंदांच्या सायकलमध्ये कॉन्टॅक्टरला जेमतेम ०.२ सेकंद चालू राहण्याचा आदेश मिळतो आणि तो नुसता थरथरतो. म्हणून काही कंट्रोलरमध्ये किमान चालू-वेळेचे वेगळे सेटिंग असते.

एसएसआर आवाज करत नाही आणि झिजत नाही, पण तो तापतो. त्यातून वाहणाऱ्या प्रत्येक अँपिअरमागे सुमारे १ वॉट उष्णता तयार होते, म्हणजे ४० अँपिअरच्या भाराला ४० वॉट किंवा त्याहून अधिक. पुण्यात एप्रिल-मेमध्ये बाहेर ४० अंशांच्या आसपास ऊन असताना भट्टीशेजारच्या बंद पॅनेलमधील हवा त्याहून बरीच गरम असते, आणि उष्णता बाहेर टाकणारा योग्य हीट सिंक नसेल तर एसएसआर निकामी होतो. निकामी होताना तो बहुधा शॉर्ट होतो, म्हणजे हीटर चालूच राहतो.

क्रियेची दिशा

तापवण्याच्या प्रक्रियेत मोजलेले मूल्य वाढले की आउटपुट कमी व्हावे लागते. याला रिव्हर्स क्रिया म्हणतात. थंड करण्याच्या प्रक्रियेत मूल्य वाढले की आउटपुटही वाढते. ती डायरेक्ट क्रिया. ‘रिव्हर्स’ म्हणजे काहीतरी उलटे आणि म्हणून चुकीचे, असा समज करून नवखे तंत्रज्ञ भट्टीला डायरेक्ट लावून बसतात. त्याचा परिणाम एकतर भट्टी तापतच नाही किंवा सेट पॉइंट ओलांडल्यावर तापतच राहते.

एकाच पात्राला दोन्ही लागतात तेव्हा विषय अधिक रंजक होतो. पिंपरीला १९५४ मध्ये हिंदुस्थान अँटिबायोटिक्स स्थापन झाल्यापासून पेनिसिलीनचे किण्वन हा शब्द पुणेकरांच्या परिचयाचा आहे. अशा किण्वन पात्राला आधी वाफेने सुमारे १२१ अंशांवर निर्जंतुक करावे लागते आणि नंतर वाढणाऱ्या बुरशीची स्वतःची उष्णता थंड पाण्याने काढून घेऊन ते २५ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. एकाच कंट्रोलरने दोन्ही व्हॉल्व्ह चालवायचे असतील तर आउटपुटची विभागणी करतात : ५० टक्क्यांना दोन्ही बंद, वर जाताना वाफ उघडते, खाली जाताना थंड पाणी उघडते. मधल्या बिंदूभोवती थोडी मोकळी जागा सोडली नाही, तर वाफ आणि पाणी एकमेकांशी भांडत राहतात आणि दोन्हींचे बिल येते.

हवेवर चालणाऱ्या व्हॉल्व्हमध्ये हवेचा पुरवठा बंद पडल्यावर काय व्हावे हे आधी ठरते. वाफेचा व्हॉल्व्ह सहसा हवेने उघडणारा निवडतात, म्हणजे कॉम्प्रेसर बंद पडला की वाफ थांबते. अतिउष्ण पात्राला वाचवणाऱ्या थंड पाण्याचा व्हॉल्व्ह हवेने बंद होणारा निवडतात. अशा व्हॉल्व्हसाठी सिग्नल उलटवायचा असेल तर तो कंट्रोलरमध्ये किंवा पोझिशनरमध्ये (सिग्नलनुसार व्हॉल्व्हचे स्थान राखणाऱ्या उपकरणात), एकाच ठिकाणी उलटवावा आणि कोठे उलटवला ते लिहून ठेवावे. दोन्हीकडे उलटवलेला सिग्नल पुन्हा सरळ होतो, आणि तो दोष शोधण्यात एखादा पूर्ण दिवस जातो.

मर्यादा

आउटपुटची कमाल मर्यादा ८० टक्क्यांवर आणली की हीटरवरील सरासरी शक्ती कमी होते. मात्र चालू-बंद पद्धतीत चालू असलेल्या क्षणी हीटरला पूर्ण व्होल्टेजच मिळते, म्हणून या मर्यादेने विद्युतप्रवाह मर्यादित होतो असे मानणे चूक आहे. मॉलिब्डेनम डायसिलिसाइडच्या हीटरचा रोध थंड असताना अतिशय कमी असतो; त्यांना फेज अँगल पद्धतीचे (वीजलहरीच्या प्रत्येक अर्ध्या आवर्तनाचा काही भागच सोडणारे), प्रवाहमर्यादा असलेले थायरिस्टर युनिटच लागते.

मर्यादा घालताना व्होल्टेजचाही विचार हवा. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात असते. ४१५ चे ३८० व्होल्ट झाले की शक्ती सुमारे १६ टक्क्यांनी घटते. पिंपरी-चिंचवड पट्ट्यातील बऱ्याच कारखान्यांना गुरुवारी साप्ताहिक सुट्टी असते, आणि अशा शांत दिवशी, भरपूर व्होल्टेज असताना घट्ट बसवलेली मर्यादा शुक्रवारी भर पाळीत अपुरी पडू शकते.

मोटारवर चालणाऱ्या व्हॉल्व्हसाठी प्रवासकाल हे सेटिंग निर्णायक असते. स्थान दाखवणारा पोटेन्शिओमीटर नसेल तर कंट्रोलर किती सेकंद मोटार चालवली यावरूनच व्हॉल्व्ह कोठे आहे याचा अंदाज बांधतो. म्हणून पूर्ण बंद ते पूर्ण उघडा हा वेळ पुस्तकातून न घेता स्टॉपवॉच हातात धरून मोजावा.

बिघाडाच्या वेळचे मूल्य

थर्मोकपल, म्हणजे तापमान मोजणारा संवेदक, तुटला तर आउटपुट किती असावे, हा प्रश्न कंट्रोलर स्वतःच विचारतो आणि बहुतेक वेळा कारखान्यातून आलेले उत्तर तसेच राहून जाते. भट्टीसाठी ० टक्के हे उत्तर उघड वाटते. परंतु वितळलेले द्रव्य नळीत गोठू नये अशी प्रक्रिया असेल तर लहान, मोजलेले स्थिर मूल्य अधिक सुरक्षित ठरते. हा निर्णय इलेक्ट्रिशियनने एकट्याने घेऊ नये. प्रक्रिया जाणणाऱ्या माणसाने घ्यावा.

शिवाय तुटलेला थर्मोकपल ओळखता येतो, निसटलेला नाही. देखभालीच्या वेळी बाहेर काढलेला थर्मोकपल परत आत घालायचा राहिला तर तो प्रामाणिकपणे शेडचे ३० अंश तापमान दाखवतो, आणि कंट्रोलर आउटपुट १०० टक्क्यांवर नेऊन ठेवतो. पूर्ण आउटपुट असूनही तापमान ठरावीक वेळेत वाढत नाही, हे ओळखणारा लूप ब्रेक अलार्म यासाठीच असतो. चिकटलेला कॉन्टॅक्टर आणि शॉर्ट झालेला एसएसआर यांच्यापुढे मात्र कंट्रोलरमधील कोणतेच सेटिंग चालत नाही. तेथे स्वतंत्र थर्मोकपल आणि स्वतंत्र कॉन्टॅक्टर असलेले अतितापमान संरक्षण अनिवार्य आहे.

वीज जाऊन आल्यावर कंट्रोलरने शून्यापासून सुरुवात करावी, शेवटचे आउटपुट धरावे की थेट ऑटोमध्ये जावे, हेही निवडावे लागते. पावसाळ्यात वारंवार वीज जाते तेव्हा सध्याच्या तापमानापासून हळूहळू चढणारी सुरुवात भट्टीच्या अस्तराला मानवते.

तपासणी

सेटिंग झाल्यावर हीटरचा मुख्य पुरवठा बंद ठेवून कंट्रोलर मॅन्युअलमध्ये घेतात आणि आउटपुट ०, २५, ५०, ७५, १०० टक्के असे चढवत व पुन्हा उतरवत प्रत्येक टप्प्यावर मल्टीमीटरने मोजतात : ४ ते २० च्या आउटपुटला अनुक्रमे ४, ८, १२, १६ आणि २० मिलिअँपिअर मिळायला हवेत. व्हॉल्व्ह असेल तर एकाने कंट्रोलरपाशी आणि दुसऱ्याने व्हॉल्व्हच्या दांड्यापाशी उभे राहून स्थान डोळ्यांनी पाहावे. ऑटो ट्यून त्यानंतरच करावे, कारण तो याच मर्यादा आणि याच सायकल टाइमच्या आधारे स्थिरांक काढतो. नंतर त्या बदलल्या तर ट्यूनिंगही पुन्हा करावे लागते. शेवटी पासवर्ड लावतात आणि आउटपुटचा प्रकार, क्रियेची दिशा, सायकल टाइम, दोन्ही मर्यादा, बिघाडाचे मूल्य व तारीख एका कार्डावर लिहून ते कार्ड पॅनेलच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवतात.