चीनमध्ये शिकवायला जाताना: पात्रता, कागदपत्रे आणि पोहोचल्यानंतरचे पहिले तीस दिवस

चीनचा नोकरीसाठीचा झेड व्हिसा हातात आला की बहुतेक जण आधी आपले नाव बरोबर छापले आहे का ते पाहतात आणि मग मुक्कामाच्या दिवसांचा रकाना. त्या रकान्यात ‘०००’ असे छापलेले असते. ते पाहून कोणी घाबरून एजंटाला फोन लावतो, तर कोणी मुक्कामाला मर्यादाच नाही असा अर्थ काढून निर्धास्त होतो. दोघांचाही समज चुकीचा असतो. या तीन शून्यांचा अर्थ एवढाच की तुमचा मुक्काम या व्हिसावर ठरत नाही; चीनमध्ये प्रवेश केल्यापासून तीस दिवसांच्या आत पोलीस खात्याच्या प्रवेश-निर्गमन कार्यालयात निवास परवान्यासाठी अर्ज करायचा असतो आणि पुढचा सगळा मुक्काम त्या परवान्यावर असतो. व्हिसावर छापलेली दुसरी तारीख, जी साधारणपणे तीन महिन्यांनंतरची असते, ती केवळ देशात प्रवेश करण्याची शेवटची तारीख आहे. तीच मुक्कामाची मुदत समजून दीड महिना स्वस्थ बसलेले शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांना पोलीस ठाण्यात दंड भरतानाही पाहिले आहे.

मी जिआंगसू प्रांतातील एका शाळेत इंग्रजी माध्यमातून गणित शिकवते. भारतीय कागदपत्रे मला वाचता येतात म्हणून नव्या भारतीय उमेदवारांचे कागद तपासण्याचे काम हळूहळू माझ्याकडे आले. मुलाखत उत्तम होऊनही अर्ज फेटाळला गेलेल्या माणसाला फोनवर कारण समजावून सांगणे फार जड जाते, विशेषतः तो भारतातली नोकरी सोडून बसलेला असतो तेव्हा. म्हणून ही माहिती.

सर्वांत अवघड गोष्ट आधी सांगते, कारण एजंट ती सांगत नाहीत. चीनमध्ये १ एप्रिल २०१७ पासून परदेशी व्यक्तींसाठी देशभर एकच वर्क परमिट पद्धत लागू आहे आणि तिच्यात अर्जदारांचे अ, ब, क असे तीन वर्ग केलेले आहेत. शिक्षक बहुतेक करून ब वर्गात मोडतात. भाषा शिकवणाऱ्यांसाठी नियम असा की शिक्षकाने तत्त्वतः आपल्या देशाची मातृभाषाच शिकवावी. व्यवहारात इंग्रजीसाठी अमेरिका, ब्रिटन, कॅनडा, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड आणि दक्षिण आफ्रिका या देशांचे पासपोर्ट ग्राह्य धरले जातात. भारतीय पासपोर्ट या यादीत नाही. आपण बालवाडीपासून इंग्रजी माध्यमात शिकलो, इंग्रजी साहित्यात एम.ए. केले, वीस वर्षे कनिष्ठ महाविद्यालयात इंग्रजी शिकवले, तरी ही अट त्यामुळे आपोआप पूर्ण होत नाही. हे अन्यायाचे वाटते आणि माझ्या मते ते अन्यायाचेच आहे. पण खिडकीमागच्या कर्मचाऱ्याला तो नियम बदलता येत नाही आणि तुमचा एजंटही तो बदलू शकत नाही.

मग भारतीय पासपोर्टधारकांसाठी वाट कोणती? पहिली आणि सर्वांत भक्कम वाट म्हणजे विषय शिक्षकाची. गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र किंवा संगणक हे विषय इंग्रजीतून शिकवणाऱ्याला मातृभाषेची अट लागत नाही, मात्र पदवी त्या विषयाची असावी आणि करारात पदाचे नाव ‘इंग्रजी शिक्षक’ असे नसावे. दुसरी वाट म्हणजे वर सांगितलेल्या देशांपैकी एखाद्या देशात घेतलेली पदवी. काही ठिकाणची कार्यालये ती मान्य करतात, काही करत नाहीत, त्यामुळे करारावर सही करण्यापूर्वी शाळेकडून लेखी विचारून घ्यावे. तिसरा गट अमेरिका, कॅनडा किंवा ब्रिटनचे नागरिकत्व घेतलेल्या मराठी माणसांचा. त्यांना पासपोर्टाची अडचण नाही, परंतु कागदपत्रांची आहे आणि तिच्याकडे मी पुढे येते.

याशिवाय सर्वांना लागू असलेल्या अटी अशा: किमान पदवी, पदवीनंतरचा दोन वर्षांचा संबंधित अनुभव, निर्दोष पोलीस दाखला, निरोगी प्रकृती आणि ब वर्गासाठी सामान्यतः साठ वर्षांच्या आतले वय. भाषा शिक्षकांपैकी ज्यांची पदवी शिक्षणशास्त्राची किंवा भाषेची आहे, ज्यांच्याकडे आपल्या देशाचे शिक्षक पात्रता प्रमाणपत्र आहे किंवा मान्य असे आंतरराष्ट्रीय भाषा-अध्यापन प्रमाणपत्र आहे, त्यांना अनुभवाच्या अटीतून सूट मिळू शकते. ही सूट फक्त अनुभवापुरती आहे. महिनाभराचा ऑनलाइन कोर्स करून मातृभाषेची अट टळते असे सांगून पैसे घेणाऱ्यांपासून दूर राहा.

कागदपत्रांत सर्वाधिक अर्ज अडतात ते पदवीपाशी. शाळा पदवी प्रमाणपत्र मागते आणि उमेदवार शेवटच्या वर्षाची गुणपत्रिका व तात्पुरते प्रमाणपत्र पाठवतो, कारण पदवीदान समारंभाचा फॉर्म त्याने कधी भरलेलाच नसतो. भारतात तात्पुरत्या प्रमाणपत्रावर पंधरा वर्षे नोकरी करता येते, त्यामुळे मूळ पदवी घ्यायची राहून गेली हे लक्षातही येत नाही. चीनच्या वर्क परमिटसाठी मूळ पदवी प्रमाणपत्रच लागते. ते विद्यापीठाकडे आजही मागता येते, फक्त त्याला वेळ लागतो. नोकरीचा विचार मनात आला त्याच आठवड्यात हा अर्ज करावा. आणि प्रमाणपत्र घरात असेल तर ते लॅमिनेट केलेले नाही ना, ते पाहा. आपल्याकडे मोलाचा कागद प्लॅस्टिकमध्ये बंद करून ठेवण्याची पद्धत आहे, परंतु परराष्ट्र मंत्रालयाचा शिक्का मूळ कागदाच्या मागच्या बाजूला बसतो आणि प्लॅस्टिकवर तो बसत नाही. इस्त्रीच्या उष्णतेने लॅमिनेशन सोडवण्याच्या प्रयत्नात एका उमेदवाराने प्रमाणपत्रावरची सहीच पुसून टाकली. असे काही घरी करू नये. विद्यापीठाकडून दुय्यम प्रत घ्यावी.

त्यानंतर नाव. महाराष्ट्रातील जुन्या गुणपत्रिकांवर आणि पदव्यांवर आडनाव आधी, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे आणि अनेकदा शेवटी आईचे नाव असते. पासपोर्टावर आडनावाचा रकाना वेगळा, नावाच्या रकान्यात कधी वडिलांचे नाव असते, कधी नसते, आणि आईचे नाव तर नसतेच. विवाहित स्त्रियांच्या बाबतीत पदवीवर माहेरचे नाव आणि पासपोर्टावर सासरचे. आपल्याला एका नजरेत कळते की ही एकच व्यक्ती आहे. चिनी कार्यालयात अर्ज पाहणाऱ्याला ते कळण्याचे काही कारण नाही, कारण वडिलांचे किंवा पतीचे नाव आपल्या नावात घेण्याची पद्धत तिकडे नाही. त्याच्यासाठी ती दोन माणसे आहेत. यासाठी विवाहामुळे नाव बदलले असल्यास विवाह प्रमाणपत्र आणि राजपत्रातील नावबदलाची नोंद, तर केवळ नावांचा क्रम वेगळा असल्यास दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र तयार ठेवावे, आणि पदवीबरोबर तेही प्रमाणित करून घ्यावे. हा कागद कोणत्याही यादीत लिहिलेला नसतो, म्हणून तो कोणाकडेच नसतो.

प्रमाणीकरणाबाबतचा गोंधळ तर अलीकडे वाढलाच आहे. अपोस्टिल म्हणजे त्या नावाच्या करारातील देशांमध्ये कागद ग्राह्य धरला जावा म्हणून त्यावर बसणारा एकच शासकीय शिक्का; तो असला की दूतावासाचे प्रमाणीकरण लागत नाही. चीन या अपोस्टिल करारात सामील झाला आणि ७ नोव्हेंबर २०२३ पासून तो करार तेथे लागू झाला, ही बातमी खरी आहे. त्यामुळे अमेरिकेतील किंवा ब्रिटनमधील कागदांना आता अपोस्टिल पुरते. भारतही या कराराचा सदस्य आहे, म्हणून आपल्यालाही तेच पुरेल असा निष्कर्ष लोक काढतात. परंतु चीनच्या सामील होण्याला भारताने हरकत घेतल्यामुळे या दोन देशांमध्ये करार लागू झालेला नाही. भारतीय कागदांना जुनाच मार्ग आहे: विद्यापीठाकडून पडताळणी, राज्य शासनाचे साक्षांकन, परराष्ट्र मंत्रालयाचे साक्षांकन आणि शेवटी चिनी दूतावासाचे प्रमाणीकरण. एजंटाकडे कागद देताना ‘अपोस्टिल नको, चीनसाठी दूतावासापर्यंतचे साक्षांकन हवे’ असे स्पष्ट शब्दांत सांगावे आणि पावतीवर तसे लिहून घ्यावे.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या मराठी वाचकांची अडचण येथेच येते. कागद ज्या देशात निघाला त्या देशातच तो प्रमाणित होतो. पासपोर्ट अमेरिकेचा आणि पदवी पुण्याची असेल तर पोलीस दाखला अमेरिकेचा व अपोस्टिल केलेला, आणि पदवी मात्र भारतातून वरच्या सगळ्या पायऱ्या चढून आलेली, असे दोन वेगळे प्रवास एकाच वेळी करावे लागतात. भारतातील नातेवाइकाकडे मूळ पदवी आणि अधिकारपत्र आधीच पाठवून ठेवलेले बरे.

पोलीस दाखल्याविषयी दोनच गोष्टी, पण त्या महत्त्वाच्या आहेत. पोलीस आयुक्तालयातून मिळणारे चारित्र्य पडताळणी प्रमाणपत्र वेगळे आणि पासपोर्ट कार्यालयातून मिळणारा पीसीसी, म्हणजे पोलीस क्लिअरन्स सर्टिफिकेट, वेगळा. परदेशासाठी दुसरा लागतो, तो पासपोर्ट सेवेच्या संकेतस्थळावरून अर्ज करून मिळतो, आणि त्यावर ज्या देशासाठी दिला त्याचे नाव असते, त्यामुळे पूर्वी आखातासाठी काढलेला चालणार नाही. दुसरी गोष्ट म्हणजे हा दाखला सहा महिन्यांच्या आतला असावा लागतो, आणि ही मुदत दाखला निघाल्याच्या तारखेपासून सुरू होते, त्यावर शिक्के बसल्याच्या तारखेपासून नव्हे. पीसीसी सहज मिळतो म्हणून लोक तो सर्वांत आधी काढतात आणि पदवीच्या साक्षांकनाची वाट पाहत बसतात. पदवी तयार होते तोवर पीसीसी शिळा झालेला असतो. पदवीला मुदत नसते. तिचे काम आधी पूर्ण करून मगच पीसीसी काढावा.

अनुभवाच्या पत्रात पद, रुजू झाल्याची व सोडल्याची तारीख, शिकवलेला विषय, सही करणाऱ्याचे नाव, पद, दूरध्वनी आणि संस्थेचा शिक्का हे सर्व असावे, कारण फोन करून खरोखर चौकशी होते. घरच्या शिकवण्या धरल्या जात नाहीत. पदवी मिळण्यापूर्वीचे महिनेही धरले जात नाहीत, त्यामुळे तारखा जोडून पाहाव्यात.

वर्क परमिटचा अर्ज तुम्ही करायचा नसतो, तो शाळा करते. तुम्ही कागद पाठवता, शाळा त्यांचे चिनी भाषांतर करून ऑनलाइन अर्ज भरते आणि मंजुरी मिळाली की वर्क परमिटची पूर्वसूचना तुम्हाला पाठवते. ती हाती आल्याशिवाय झेड व्हिसा मिळत नाही. महाराष्ट्रातील अर्जदारांसाठी तो मुंबईच्या चिनी महावाणिज्य दूतावासाच्या कक्षेत येतो. ‘सध्या पर्यटक किंवा व्यावसायिक व्हिसावर या, इथे आल्यावर बदलून देऊ’ असे एखादी शाळा म्हणाली तर तिथेच थांबावे. बेकायदा नोकरीसाठी कायद्याने ५,००० ते २०,००० युआन दंड आहे, प्रकरण गंभीर असल्यास ५ ते १५ दिवसांची कोठडीही आहे, आणि विमानतळावरून परत पाठवले जाते ते शिक्षकाला, शाळेच्या मालकाला नव्हे. जुलै २०२१ मध्ये शालेय विषयांच्या खासगी शिकवण्यांवर सरकारने कडक निर्बंध आणल्यानंतर अनेक शिकवणी केंद्रे बंद पडली. जी उरली आहेत त्यांच्याकडे परदेशी शिक्षक नेमण्याची परवानगी आहे का, हे आधी विचारावे.

पोहोचल्यानंतरची पहिली मुदत चोवीस तासांची आहे आणि तीच सर्वांत जास्त चुकते. हॉटेलात उतरलात तर नोंद हॉटेल करते. भाड्याच्या घरात, शाळेच्या वसतिगृहात किंवा मित्राकडे उतरलात तर चोवीस तासांच्या आत जवळच्या पोलीस ठाण्यात नोंद करावी लागते. काही शहरांत ती मोबाइलवरूनही होते. पासपोर्ट, भाडेकरार आणि घरमालकाच्या कागदांची प्रत लागते, आणि मिळालेली नोंदीची चिठ्ठी, ती कितीही साधी दिसली तरी, जपून ठेवावी. वैद्यकीय तपासणी सोडली तर पुढच्या प्रत्येक खिडकीवर ती मागितली जाते. घर बदलले की पुन्हा नोंद करावी लागते. शनिवारी रात्री विमान उतरले म्हणून सोमवारी जाऊ, असे म्हणू नये. पोलीस ठाणे रविवारीही उघडे असते.

वैद्यकीय तपासणीला उपाशीपोटी जावे. रक्त, छातीचा एक्स-रे, ईसीजी आणि सोनोग्राफी असते, आणि अहवालाला काही दिवस लागतात. चीनमध्ये प्रवेश केल्यापासून पंधरा दिवसांच्या आत शाळेने वर्क परमिटचा पुढचा अर्ज करायचा असतो, आणि त्यानंतर तीस दिवसांच्या मुदतीतला निवास परवान्याचा अर्ज. १ डिसेंबर २०२४ पासून वर्क परमिट सामाजिक सुरक्षा कार्डाशी जोडले गेले आहे, त्यामुळे पूर्वीसारखे वेगळे प्लॅस्टिक कार्ड मिळाले नाही म्हणून घाबरू नये. निवास परवान्यासाठी पासपोर्ट पोलिसांकडे जमा होतो आणि तो पंधरा दिवसांपर्यंत तिथे राहू शकतो. या काळात भारतात जाता येत नाही. गणपतीसाठी आधीच विमानाचे तिकीट काढून आलेल्या एका मुलीला ते रद्द करावे लागले तेव्हा तिच्याइतकेच वाईट मला वाटले, कारण हे तिला कोणी सांगितलेच नव्हते. मुदत उलटली तर दिवसाला ५०० युआनप्रमाणे, जास्तीत जास्त १०,००० युआनपर्यंत दंड होऊ शकतो.

पुढे पासपोर्टाचे नूतनीकरण झाले किंवा परवान्यावरील इतर कोणतीही नोंद बदलली, तर दहा दिवसांच्या आत ती पोलिसांकडे बदलून घ्यावी. परवाना एका संस्थेपुरता असतो. शनिवार-रविवारी दुसरीकडे शिकवून मिळणारे पैसे, ते रोख असले तरी, बेकायदा नोकरीतच मोडतात.

आणि नोकरी सोडताना, नवी शाळा कितीही घाई करत असली तरी, जुन्या शाळेकडून दोन कागद हातात घेतल्याशिवाय शहर सोडू नये: सेवा संपल्याचे पत्र आणि वर्क परमिट रद्द केल्याची नोंद. हे दोन कागद नसतील तर नव्या शाळेचा अर्ज पुढे सरकत नाही. पत्र चिनी भाषेत असावे, त्यावर पासपोर्ट क्रमांक आणि शेवटच्या दिवसाची तारीख असावी आणि खाली मुख्याध्यापकांच्या सहीबरोबर संस्थेचा लाल गोल शिक्का असावा. केवळ सही असलेले पत्र त्या खिडकीवरून परत येते.