बदक का भिजत नाही? तेलाची अर्धवट गोष्ट

तळ्याकाठी दुर्बीण घेऊन बसलं की पक्ष्यांइतकीच माणसंही ऐकू येतात. वसंतातली सकाळ होती. थापट्या बदकं परतीच्या प्रवासाआधी पोट भरून घेत होती, चोच पाण्यात बुडवून गोल गोल फिरत होती. मागे एक बाबा लेकीला सांगत होते, "बदकाच्या अंगाला तेल असतं, म्हणून ते भिजत नाही." तिने लगेच विचारलं, "मग तेल संपलं तर?" बाबांनी पाण्यातल्या काळ्या पक्ष्याकडे बोट दाखवून विषय बदलला. (तो वारकरी होता. कपाळावर पांढरा टिळा. पोहतो बदकांसारखा, पण बदकांच्या कुळातला नाही.)

तेल असतं, हे खरं. शेपटीच्या मुळाशी वरच्या बाजूला एक ग्रंथी असते. तिच्यातला मेणचट पदार्थ बदक चोचीने अंगभर चोपडतं. पण तेवढ्याने काम भागत नाही. गुळगुळीत काचेवर मेण फासा आणि त्यावर पाण्याचा थेंब ठेवा. थेंबाची कड काचेला टेकते तिथला, पाण्याच्या आतून मोजलेला कोन साधारण १०५ अंश भरतो. म्हणजे थेंब पसरत नाही, पण टुणकन घरंगळतही नाही, बसून राहतो. सपाट पृष्ठभागावर कसलाही लेप लावा, हा कोन १२० अंशांच्या फारसा पुढे जात नाही. बदकाच्या पाठीवर मात्र थेंब मोत्यासारखे पळतात.

काठावर एक गळलेलं पीस सापडलं, ते भिंगाखाली धरलं. मधली दांडी, तिच्या दोन्ही बाजूंना तंतू आणि प्रत्येक तंतूला पुन्हा बारीक उपतंतू. एका बाजूच्या उपतंतूंना इवलेसे आकडे असतात, ते शेजारच्या तंतूच्या उपतंतूंत अडकतात. पीस बोटांनी फाडलं तर फाटतं, चिमटीतून वर ओढलं की चेन लागावी तसं पुन्हा जुळतं. बदक तासन् तास चोच फिरवत बसतं, त्यात तेल लावण्याइतकंच हे आकडे जुळवण्याचंही काम असतं.

या जाळीच्या फटींत असते हवा, आणि खरी राखण तीच करते. थेंब पिसावर टेकतो तेव्हा तो थोडासा तंतूंवर आणि बराचसा हवेवर बसलेला असतो. १९४४ साली कॅसी आणि बॅक्स्टर या दोन संशोधकांनी याचं गणित मांडलं, आणि त्यात बदकाच्या पिसांचाही विचार केला होता. मूळ कोनाच्या कोसाइनमध्ये १ मिळवा, थेंबाखालच्या जागेचा जेवढा हिस्सा खरोखर तंतूंना टेकतो त्याने गुणा, आणि १ वजा करा. मिळतो नव्या कोनाचा कोसाइन. १०५ अंशांचा कोसाइन उणे ०.२६. समजा फक्त पाचवा हिस्सा टेकला, तर उत्तर येतं उणे ०.८५. म्हणजे कोन झाला १४८ अंश! मेण तेच, फक्त खाली हवा आली. अळवावरचं पाणी ठरत नाही ते याच हिशेबाने, तिथे पानावरच्या सूक्ष्म उंचवट्यांमध्ये हवा असते.

तेच पीस पाण्याखाली धरलं तर चांदीसारखं चमकतं. ही चमक अडकलेल्या हवेच्या थराची. आता पाण्यात भांडी घासायच्या साबणाचे दोन थेंब टाका. पृष्ठताण, म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग ताणून धरणारी ओढ, निम्म्याहून खाली येतो, पाणी फटींत घुसतं आणि चांदी बघता बघता विझते, पीस काळपट पडतं. जिवंत बदकाच्या बाबतीत हा खेळ नसतो. उष्णता वाहून नेण्यात पाणी हवेच्या चोवीसेक पट पुढे. हवेचा थर गेला की पक्षी गारठतो, शिवाय खाली बसू लागतो.

तर मुलीच्या प्रश्नाचं उत्तर: तेल संपलं म्हणून बदक त्याच दिवशी भिजणार नाही. पण काही महिन्यांत पिसं खराब होत जातील, जाळी विस्कटेल आणि मग पाणी आत शिरेल. तेल राखतं ते पिसाला.

जाता जाता हंसाच्या नीरक्षीरविवेकाबद्दल. थापट्याच्या चोचीत खरंच चाळणी असते, पण तिच्या फटी अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास. दुधातले स्निग्ध कण जेमतेम काही मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), साखर तर विरघळलेलीच. चोचीने दूध वेगळं होत नाही, सुभाषितं कितीही गोड असोत.

उरला पाणकावळा. तो पंख पसरून उन्हात बसतो, म्हणून त्याला तेलग्रंथीच नाही असं ठोकून देतात. ग्रंथी असते. त्याच्या पिसांच्या कडा भिजतील अशाच घडलेल्या असतात, आतला भाग कोरडा राहतो. अंगात हवा कमी, म्हणून तरंगणं कमी आणि माशामागे बुडी मारणं सोपं. वाळत बसायचा खटाटोप ही त्याची किंमत. त्या सकाळी एक पाणकावळा ओंडक्यावर असाच बसला होता. मी दुर्बीण पिशवीत घातली तेव्हाही त्याचा डावा पंख ठिबकतच होता.