कीटकांना भूल देणे (प्रयोगशाळेतील)

जिवंत कीटकाला इजा न करता काही मिनिटे निपचित पाडण्याची क्रिया. नर-मादी निवडणे, मोजणी करणे, सूक्ष्मदर्शकाखाली पाहणे किंवा राणीमाशीचे कृत्रिम रेतन करणे, अशा कामांसाठी ती लागते. थंडी, कार्बन डायऑक्साइड आणि ईथर ही तिची नेहमीची साधने. कोकणातल्या दमट उकाड्यात मात्र हवा पाहूनच त्यांतले एक निवडावे लागते.

कोकणात फळमाशी म्हटले की बागायतदाराच्या डोळ्यांसमोर आंब्यात अंडी घालणारी ‘बॅक्ट्रोसेरा डॉर्सॅलिस’ येते. आनुवंशिकीच्या प्रयोगातली फळमाशी ‘ड्रॉसोफिला’ मात्र वेगळी; ती म्हणजे पिकल्या केळ्या-फणसावर घोंघावणारी बारीक चिलटे. पुढचे वर्णन मुख्यतः या चिलटांचे आहे.

ड्रॉसोफिलावरच्या सुरुवातीच्या संशोधनात ईथर सर्रास वापरत. पण ते ३४.६ अंश सेल्सिअसला उकळते आणि मेच्या दुपारी पंखा बंद असलेली खोली त्याच्या जवळपास तापते. ईथरची वाफ हवेपेक्षा जड असते, टेबलावरून खाली पसरते आणि दूरची ठिणगीही पकडते. उघडून ठेवलेल्या जुन्या बाटलीत स्फोटक पेरॉक्साइडे तयार होतात. शिवाय मात्रा जराशी जास्त झाली तरी माशी मरते. तिचे पंख अंगापासून दूर, उभे राहिले की ती गेली असे समजावे. शाळा-महाविद्यालयांत ईथर नकोच.

थंडी सर्वांत स्वस्त आणि माणसाला निर्धोक. मिरकरवाड्यासारख्या बंदरात मासळीवर घालतात तो बर्फाचा चुरा इथेही चालतो. बंद नळी चुऱ्यात खोचली की चिलटे दोन-तीन मिनिटांत तळाशी पडतात. बाहेर काढल्यावर ती लवकरच उठतात, म्हणून पाहणीची काचेची बशीही बर्फावरच ठेवतात. खरी अडचण इथेच येते. पावसाळ्यात थंड काचेला लगेच दव धरते, थेंबाला पंख चिकटतात आणि माशी शुद्धीवर येऊनही उडू शकत नाही. बशीत कोरडा टिपकागद घालावा आणि तो ओलसर होताच बदलावा.

जास्त माशा हाताळायच्या असतील तर कार्बन डायऑक्साइड बरा. तो श्वसनरंध्रांतून आत जातो आणि माशी काही सेकंदांत आडवी होते. सिलिंडरमधला वायू कोरडा असल्याने तो पाण्यातून बुडबुड्यांनी सोडतात. नाहीतर दमट हवेतही माशा सुकतात. भूल लांबली तर प्रजननक्षमता घटते, मीलनाचे वर्तन बिघडते. म्हणून वर्तनाच्या प्रयोगाआधी निदान एक दिवस विश्रांती देतात. नुकत्याच कोशातून निघालेल्या माशांना तर हा वायू फारच बाधतो. सिलिंडर साखळीने भिंतीला बांधावा आणि खिडक्या उघड्या ठेवाव्यात, पावसाची झड आत आली तरी. हा वायू जमिनीलगत साचतो आणि बंद खोलीत माणसालाही गुदमरवतो.

शुद्धीवर येईपर्यंत माशांची नळी आडवी ठेवतात. उभी ठेवली तर त्या तळाच्या ओल्या खाद्यात रुतून मरतात.