दरोड्याची तयारी हिंसक कशी ठरली?

यवतमाळ-अमरावतीकडे धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणे जुंपणे नवे नाही. एकाने दुसऱ्याला लाथाबुक्क्यांनी मारले, ओठ फाटला, तर ठाण्यात बहुतेक वेळा एनसी, म्हणजे अदखलपात्र गुन्ह्याची नोंद, लिहून दोघांना घरी पाठवतात. जुन्या भारतीय दंड संहितेत हे कलम ३२३: जास्तीत जास्त एक वर्ष शिक्षा, अदखलपात्र (पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकत नाहीत), जामीनपात्र. त्याच तालुक्यात पारधी बेड्यावरचे, म्हणजे वस्तीवरचे, पाच जण रात्री रस्त्याच्या कडेला धरले गेले आणि पंचनाम्यात दोरी, मिरचीपूड, एखादा सुरा आला, तर त्याच संहितेची कलमे ३९९ आणि ४०२ लागू शकत होती. 'दरोड्याच्या तयारीत असताना अटक' ही बातमी आपण सगळ्यांनी वाचलेली आहे. यात दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आहे आणि जामीन हक्काने मिळत नाही. अंगावर ओरखडा मात्र कुणाच्याच नसतो.

आपल्या कायद्याने गुन्हेगारांची हिंसक आणि अहिंसक अशी सरळ वाटणी केलेली नाही. कोर्ट बघते ते गुन्हा दखलपात्र आहे का, जामीनपात्र आहे का, शिक्षा किती वर्षांची आहे. जेलमध्ये कैदी कच्चा (खटला चालू असलेला) की पक्का (शिक्षा झालेला) आणि सराईत की पहिल्यांदाच आलेला, याला महत्त्व. 'हिंसक गुन्हे' हे शीर्षक राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या वार्षिक आकडेवारीत वर्षानुवर्षे होते. त्या यादीत खून, बलात्कार, दंगल यांच्या शेजारी दरोड्याची तयारीही होती. साधी मारहाण नव्हती.

याचे मूळ १८३० च्या दशकात आहे. नागपूरच्या उत्तरेला, नर्मदेच्या खोऱ्यात, इंग्रज अधिकारी विल्यम स्लीमन ठगांचा, म्हणजे वाटसरूंना मारून लुटणाऱ्या टोळ्यांचा, शोध घेत होता. साक्षीदार मिळत नसत, विशिष्ट गुन्हा सिद्ध होत नसे. म्हणून १८३६ च्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे हाच जन्मठेपेचा गुन्हा केला. माणसाने काय केले हे सिद्ध करण्याऐवजी तो कुणाबरोबर आहे एवढे दाखवणे पुरेसे झाले. १८६० च्या दंड संहितेत हा विचार टिकला. दरोडेखोरांच्या आणि चोरांच्या टोळीत असण्याला ४०० आणि ४०१ ही वेगळी कलमे मिळाली. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने तो पुढे नेऊन अख्ख्या जमातींना लावला. आधी उत्तरेत आलेला हा कायदा १९११ पासून देशभर लावता येऊ लागला. हजेरी, परवाना, झडती हे सगळे जन्मावरून सुरू झाले. माझ्या मते आजच्या वर्गवारीतला सगळ्यात खोल अन्याय इथलाच आहे.

३१ ऑगस्ट १९५२ ला तो कायदा रद्द झाला. त्याच्या जागी राज्याराज्यांत सराईत गुन्हेगारांचे कायदे आले, मुंबई राज्यात १९५९ मध्ये. त्याच वर्षीच्या फर्लो-पॅरोल नियमांत, ज्यांवरचे खटले आजही नागपूर खंडपीठापुढे येतात, कलम ३९२ ते ४०२ (जबरी चोरी, दरोडा वगैरे) खाली शिक्षा झालेल्यांना फर्लो, म्हणजे संचित रजा, नाकारली गेली. खुनातल्या जन्मठेपेच्या कैद्याला ठरावीक वर्षांनी ती मिळू शकत होती. तयारीची कलमेही या पट्ट्यात असल्याने, कुणाला हातही न लावलेल्या कैद्याला घरी यायची वाट बंद होती.

जेल मॅन्युअलांचे, म्हणजे तुरुंगाच्या नियमपुस्तकांचे, काय, हा प्रश्न पत्रकार सुकन्या शांता यांच्या याचिकेवर सुटला. ३ ऑक्टोबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाने जातीवरून कैद्यांची कामे आणि बराकी ठरवणारे नियम रद्द केले. काही राज्यांच्या मॅन्युअलमध्ये विमुक्त जमातीच्या, म्हणजे पूर्वी गुन्हेगार ठरवलेल्या जमातीच्या, माणसाला सराईत मानायची मुभाच होती, तीही गेली. जेलच्या नोंदवहीतला जातीचा रकाना काढून टाकण्याचा आदेश झाला.

१ जुलै २०२४ पासून जुन्या दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता लागू आहे. पाच हजारांखालच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने माल किंवा त्याची किंमत परत केली, तर आता शिक्षा म्हणून समाजसेवा. हे चांगलेच झाले. दरोड्याची तयारी मात्र कलम ३१० मध्ये त्याच दहा वर्षांसह बसली आहे. कच्च्या कैद्यांसाठी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे, म्हणजे नव्या फौजदारी प्रक्रियेच्या कायद्याचे, कलम ४७९ आले: आधी कधीच शिक्षा न झालेल्याने कमाल शिक्षेचा एक तृतीयांश काळ आत काढला, तर त्याला बंधपत्रावर सोडायचे. पण त्याच कलमाच्या दुसऱ्या पोटकलमानुसार एकापेक्षा जास्त प्रकरणे चालू असतील तर ही सवलत नाही. बेड्यावरच्या ज्या पोराला प्रत्येक चोरीनंतर ठाण्यात नेतात, त्याच्यावर एकच केस क्वचित असते.